जोडसायकलीचा ढिला क्रँक

सायकल हे आपल्या देशात इतके परिचयाचे वाहन आहे की, तिच्या एखाद्या लहानशा दोषावर स्वतंत्र व्याख्यान योजावे याचे कित्येकांना नवल वाटेल. चेन उतरली तर चढवावी, हवा गेली तर भरावी आणि काही खडखडू लागले तर कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन पाना फिरवून घ्यावा, एवढ्यावर सामान्य माणसाचे सायकलविषयक ज्ञान संपते. बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. परंतु दोन माणसे एकामागे एक बसून जी सायकल चालवितात, त्या जोडसायकलीच्या बाबतीत ते पुरत नाही. तिच्या मागच्या स्वाराच्या पायाखालचा डावा क्रँक ढिला झाला, तर तो का ढिला झाला हे समजून घेतल्यावाचून केलेली दुरुस्ती थोड्याच दिवसांत वाया जाते. तो क्रँक, त्याची दुरुस्ती आणि त्या दोषाची पहिली चाहूल ज्याला लागते त्या मागच्या स्वाराचा अधिकार, हे प्रस्तुत व्याख्यानाचे विषय होत.

जोडसायकल आणि आपल्याकडील 'डबलसीट' यांत गल्लत होऊ नये. डबलसीट जाणाऱ्या दोघांपैकी एकजण पायडल मारतो आणि दुसरा निव्वळ ओझे असतो. जोडसायकलीवर दोन बैठका, पायडलांच्या दोन जोड्या आणि चाके मात्र दोनच असतात. पुढचा स्वार हँडल व ब्रेक सांभाळतो, मागचा स्वार केवळ बळ पुरवितो. ही कल्पना जुनी आहे. १८८६ साली इंग्लंडमध्ये डॅन अल्बोन आणि ए. जे. विल्सन यांनी अशा सायकलीचा एक प्रारंभीचा नमुना सिद्ध केला. यांपैकी विल्सन हे कर्णबधिर होते. ऑलिंपिक क्रीडास्पर्धांत जोडसायकलीची शर्यत १९०८ साली प्रथम झाली आणि १९७२ च्या म्युनिक येथील स्पर्धांनंतर ती वगळण्यात आली. तथापि पॅरालिंपिक स्पर्धांत ती आजही टिकून आहे. तेथे पुढे डोळस चालक बसतो, मागे दृष्टिहीन खेळाडू बसतो, आणि पदक दोघांनाही मिळते.

जोडसायकलीचे खरे महत्त्व येथेच आहे. ज्याला दिसत नाही त्याला या वाहनामुळे रस्त्याचा, वाऱ्याचा आणि स्वतःच्या पायांतील बळाचा अनुभव घेता येतो. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी तरुणपणी काचबिंदूने गेली. त्यांनी स्थापन केलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन' या संस्थेने दृष्टिहीन आणि डोळस यांच्या जोड्या जमवून त्यांना अशा सायकलींवर बसविण्याचा उपक्रम चालविला. २०१६ साली गणात्रा स्वतः जोडसायकलीवरून मनालीहून खारदुंग ला या उंच खिंडीपर्यंत गेले. हिमालयातील तसल्या चढावर मागच्या स्वाराचे पाय किती मोलाचे असतात, हे वेगळे सांगावयास नको.

हिमालय सर्वांच्या वाट्याला येत नाही. तेव्हा आपल्या नेहमीच्या पाहण्यातील एखादी नागरी वस्ती डोळ्यांसमोर आणावी. बेंगळूरूच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखले जाणारे जे. पी. नगर आहे. अनेक टप्प्यांत वसलेल्या या उपनगराच्या एका अंगाला कनकपुरा मार्ग तर दुसऱ्या अंगाला बन्नेरघट्टा मार्ग आहे. नाट्यप्रेमी मराठी वाचकांना शंकर नाग यांच्या स्मरणार्थ २००४ साली उभ्या राहिलेल्या 'रंगशंकर' नाट्यगृहामुळे हे नाव ठाऊक असेल. याच जे. पी. नगरात १९६९ साली स्थापन झालेली श्री रमण महर्षी अंध अकादमी ही संस्था आहे. तेथील दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी भरतनाट्यमसारखी कला आत्मसात केली आहे. ज्या कलेत मुद्रा पाहून शिकावयाची असते, ती त्यांनी स्पर्शाने शिकावी, यातच स्पर्श हे ज्ञानाचे किती समर्थ साधन आहे याचा पुरावा आहे. हा मुद्दा क्रँकच्या संदर्भात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता अशी कल्पना करावी की, जे. पी. नगरातून रविवारी पहाटे एक जोडी कनकपुरा मार्गाने निघाली आहे. पुढे डोळस स्वार आहे, मागे दृष्टिहीन. शहराची भूमी सपाट नाही. मार्ग सारखा चढत-उतरत राहतो. एका चढावर दोघेही जोर लावतात आणि मागच्या स्वाराला डाव्या पायाखाली काहीतरी किंचित सरकल्यासारखे वाटते. 'टक्' असा बारीक आवाजही होतो. तो प्रत्येक फेऱ्याला एकदाच होतो. पुढच्याला तो ऐकू येत नाही, कारण वारा त्याच्या कानावर आहे आणि लक्ष रस्त्यावर आहे. मागचा स्वार सांगतो, "डाव्या पायाखाली काहीतरी हलतंय." पुढचा उत्तर देतो, "पायडल जुनं झालंय, घरी गेल्यावर पाहू." बहुतेक क्रँक अशाच संभाषणानंतर कायमचे बिघडतात.

मागचा डावा क्रँकच बहुधा का बिघडतो, हे समजण्यासाठी बळाचा प्रवास पाहिला पाहिजे. साध्या सायकलीत उजव्या पायाचे बळ उजव्या क्रँकवरून सरळ त्याला जोडलेल्या दातेरी चाकात आणि तेथून चेनमध्ये जाते. डाव्या पायाचे बळ मात्र डाव्या क्रँकमधून मधल्या दांड्यात, म्हणजे ज्याला कारागीर बीबी एक्सल म्हणतात त्यात उतरते, एक्सलमधून आरपार उजवीकडे जाते आणि मग चेनपर्यंत पोहोचते. प्रचलित जोडसायकलीत याखेरीज आणखी एक चेन डाव्या बाजूस असते. ती पुढच्या डाव्या क्रँकवरील दातेरी चाकास मागच्या डाव्या क्रँकवरील तेवढ्याच दात्यांच्या चाकाशी जोडते. तिला जोडचेन म्हणू. पुढच्या स्वाराच्या दोन्ही पायांचे बळ या जोडचेनने मागच्या डाव्या क्रँकवर येते. तेथे मागच्या स्वाराच्या डाव्या पायाचे बळ त्यात मिळते, आणि हे सर्व बळ मागच्या एक्सलमधून उजवीकडे जाऊन मागच्या चाकाला फिरविते. म्हणजे चार पायांपैकी तीन पायांचे बळ ज्या एका सांध्यातून जाते, तो सांधा म्हणजे मागच्या डाव्या क्रँकचे भोक आणि एक्सलचे टोक होय. काही जोडसायकलींत दोन्ही चेन उजव्या बाजूस असतात, तेथे हा ताण कमी असतो. परंतु वरील रचनाच अधिक आढळते.

या ताणाचे मान साध्या गणिताने काढता येते. क्रँकची लांबी सामान्यतः १७० मिलिमीटर असते. ७० किलोग्रॅम वजनाचा स्वार चढावर उभा राहून एका पायडलवर सगळे वजन टाकतो, तेव्हा एक्सलला पीळ बसतो तो ७० गुणिले ०.१७ म्हणजे सुमारे १२ किलोग्रॅम-मीटरचा. जोडसायकलीवर दोघांचे डावे पाय एकाच वेळी खाली येत असतील आणि दोघांचे वजन सारखे असेल, तर मागच्या डाव्या सांध्यातून सुमारे २४ किलोग्रॅम-मीटरचा पीळ जातो. साध्या सायकलीसाठी बनविलेल्या सांध्याला त्याच्या नेहमीच्या दुप्पट काम पडते.

हा सांधा कसा असतो? आपल्या जुन्या काळ्या सायकलींत क्रँक एक्सलवर बसवून त्यात आडवी कॉटर पिन ठोकलेली असते. पिनेची एक बाजू सपाट व उतरती असते. ती एक्सलच्या खाचेत घट्ट बसते. दोन्ही बाजूंच्या पिना योग्य दिशेने घातल्या नाहीत, तर दोन क्रँक एका सरळ रेषेत येत नाहीत, हे श्रोत्यांपैकी ज्यांनी स्वतः सायकल खोलली असेल त्यांना ठाऊक असेल. पिन ठोकताना क्रँकखाली भक्कम टेकू द्यावा लागतो. नाही तर हातोडीचा घाव छर्ऱ्यांवर जातो आणि ते ज्या वाटीत फिरतात तिला खळी पडते. शिवाय पिनेचे नट हे पिन ओढून घट्ट करण्यासाठी नसते. ठोकून बसविलेली पिन सुटू नये एवढेच त्याचे काम.

आधुनिक सायकलींत, आणि बहुसंख्य जोडसायकलींत, कॉटर पिनेच्या जागी निमुळता चौकोनी सांधा आला. पोलादी एक्सलची टोके चौकोनी असून त्यांच्या चारही बाजूंना सुमारे २ अंशांचा उतार असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकला तसेच चौकोनी भोक असते. बोल्ट आवळला की क्रँक उतारावर चढत जातो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. बळ वाहून नेण्याचे काम बोल्ट करीत नाही. ते काम चौकोनाच्या चार बाजूंच्या घट्ट संपर्काने होते. बोल्ट केवळ क्रँकला उतारावर चढवितो आणि तेथून मागे सरकू देत नाही.

जोर लावून सायकल चालविली की क्रँक उतारावर आणखी किंचित चढतो. त्यामुळे आधी घट्ट असलेल्या बोल्टवरील ओढ कमी होते. ओढ गेलेला बोल्ट हळूहळू फिरून सुटू लागतो. बोल्ट सुटला की क्रँकला मागे सरकण्यास वाव मिळतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला पोलादी चौकोनाचे कोपरे मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात घासू लागतात. भोक थोडे थोडे गोलसर होत जाते. या अवस्थेत काही किलोमीटर गेले तरी नुकसान भरून न येण्याइतके होऊ शकते. पोलादी एक्सलला बहुधा काही होत नाही. झीज सोसतो तो क्रँक.

म्हणून पहिला नियम असा की, डाव्या पायाखाली काही हलते असे कळताच थांबावे. दुसरा नियम असा की, थांबल्यावर दोष नेमका कोठे आहे हे आधी ठरवावे. एकाच एक्सलचे दोन्ही क्रँक दोन हातांत धरून परस्परविरुद्ध दिशांना हलवावेत. एक क्रँक हलून दुसरा स्थिर राहिला, तर सांधा ढिला आहे. दोन्ही एकत्र आडवे हलले, तर दोष छर्ऱ्यांच्या वाटीत, म्हणजे बीबीत आहे. दोन्हींत काही आढळले नाही, तर पायडल हातात धरून हलवावे. पायडलच्या स्वतःच्या छर्ऱ्यांतही असाच खेळ होतो. त्यानंतर दातेरी चाकाचे बारीक बोल्ट आणि जोडचेनची ढील पाहावी. 'टक्' असा आवाज या पाचही ठिकाणांहून येऊ शकतो, आणि चुकीच्या जागी पाना लावल्याने दोष जात नाही.

सांधा ढिला असल्याचे ठरले आणि भोक अद्याप शाबूत असले, तर वाटेतही काम भागू शकते. जवळ बोल्टाच्या मापाचा बॉक्स पाना असावा. पुष्कळ सायकलींना तो १४ मिलिमीटरचा लागतो, नव्या सायकलींना ८ मिलिमीटरची षट्कोनी किल्ली. दोन्ही बाजूंचे क्रँक-बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे ऐकून अनेकजण डाव्या क्रँकचा बोल्टही उलटा फिरवू लागतात आणि आवळण्याऐवजी तो सोडून बसतात. बोल्ट किती आवळावा याचे मान सुमारे ३.५ ते ४ किलोग्रॅम-मीटर असते. २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १८ ते २० किलोग्रॅम वजन टांगले असता जेवढा जोर येईल तेवढा हा होय. लहान पान्याने, दोन बोटांच्या जोरावर तो येत नाही.

घरी परतल्यावर मात्र क्रँक काढून पाहिलाच पाहिजे. बोल्ट आणि त्याखालचा वॉशर, दोन्ही आधी काढावेत. वॉशर आत राहिला असता क्रँक काढण्याचा पुलर लावला, तर तो वॉशरवरच टेकतो आणि क्रँकचे बारीक आटे तुटतात. पुलर हाताने शेवटपर्यंत आत बसवावा, मग पाना लावावा. मागचा डावा क्रँक काढताना जोडचेनही उतरवावी लागते. म्हणून पुढच्या व मागच्या दातेरी चाकांच्या एकेका दात्यावर आणि त्यासमोरील चेनच्या कडीवर आधी खडूची खूण करावी. अन्यथा दोघांच्या पायडलांचा परस्परांशी असलेला मेळ बिघडतो आणि पुढच्या फेरीत दोघांचे पाय एकमेकांशी भांडू लागतात.

क्रँक हातात आला की भोकाच्या कडा बोटाने तपासाव्यात. चारही बाजू सपाट व सारख्या लागल्या, तर क्रँक चांगला आहे. कोपऱ्याजवळ पायरी लागली किंवा धातू वळलेला जाणवला, तर तो टाकून द्यावा. दुसरी कसोटी क्रँक पुन्हा बसविल्यानंतरची आहे. बोल्ट आवळून मग काढून पाहावे. एक्सलचे टोक, बोल्ट ज्या कडेवर टेकतो तिच्यापासून एक-दोन मिलिमीटर आत असले पाहिजे. ते कडेशी समपातळीत आले असेल, तर भोक रुंदावले आहे असे समजावे. अशा वेळी बोल्ट क्रँकवर न टेकता एक्सलच्या टोकावर टेकतो. पाना म्हणतो सारे घट्ट आहे, आणि क्रँक मोकळाच राहतो. ही खोटी घट्टाई जोडसायकलीवरील सर्वांत धोकादायक गोष्ट होय, कारण दुरुस्ती झाली या समजुतीने दोघेही निर्धास्त असतात.

भोक रुंदावले असता डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून फटीत घालणे हा आपल्याकडील परिचित उपाय आहे. घरापर्यंत सावकाश पोहोचण्यासाठी तो चालू शकतो. साध्या सायकलीवर तो कधी कधी काही दिवसही टिकतो. परंतु तीन पायांचे बळ वाहणाऱ्या सांध्यात तो टिकत नाही. काहीजण सांध्यात चिकट द्रव्य भरतात. त्यानेही झिजलेला चौकोन पुन्हा चौकोन होत नाही. नवा क्रँक हाच उपाय, आणि तो जोडसायकलीसाठी बनविलेला, म्हणजे डाव्या बाजूस दातेरी चाक बसण्याची सोय असलेला पाहिजे. नेहमीच्या दुकानात तो लगेच मिळेलच असे नाही. यामुळेच पहिल्या 'टक्' आवाजाला थांबणे स्वस्त पडते.

नवा किंवा चांगला क्रँक बसविताना एक्सलचे टोक आणि भोक फडक्याने स्वच्छ पुसावे. तेथे ग्रीस लावावे की कोरडे ठेवावे याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. वाळूचा एक कणही राहता कामा नये याविषयी मात्र मतभेद नाहीत. बोल्टाच्या आट्यांना तेलाचा थेंब द्यावा. म्हणजे पान्याचा जोर घर्षणात खर्च न होता क्रँक चढविण्यात लागतो. जोडचेन चढवून तिची ढील पुढच्या बीबीच्या फिरत्या कवचाने बेताची करावी. अति ताणलेली चेन छर्ऱ्यांवर भार टाकते, अति ढिली चेन उतरते. पहिल्या फेरीनंतर बोल्ट एकदा पुन्हा तपासावा. परंतु दर आठवड्याला तो थोडा थोडा आवळण्याची सवय लावून घेऊ नये. तसे केल्याने क्रँक उतारावर चढतच राहतो आणि शेवटी त्याचे भोक तडकते. एकविसाव्या शतकात पोकळ एक्सल आणि डाव्या क्रँकला दोन आडवे बोल्ट अशी रचना प्रचारात आली आहे. तेथे ते दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावयाचे असतात. रचना वेगळी असली, तरी पहिल्या आवाजाला थांबण्याचा नियम तोच राहतो.

येथवर यंत्राचा विचार झाला. आता त्या रविवारच्या संभाषणाकडे वळणे आवश्यक आहे. जोडसायकलीवर दिशा, वेग आणि थांबणे यांचा निर्णय पुढचा स्वार करतो, आणि रस्ता त्यालाच दिसत असल्याने ते योग्यही आहे. परंतु मागच्या एक्सलविषयी त्याला काहीही कळत नाही. त्याचे पाय तेथे नाहीत. त्या सांध्यावर पाय आहे तो मागच्या स्वाराचा. तो दृष्टिहीन असेल, तर त्याच्या सांगण्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव दुप्पट असतो. ज्याला दिसत नाही त्याला यंत्रातले काय कळणार, अशी समजूत मनात नकळत घर करून असते. वस्तुस्थिती उलट आहे. ढिला क्रँक डोळ्यांना दिसत नाही. तो पायाला जाणवतो आणि कानाला ऐकू येतो. ज्याने ऐकण्यावर व स्पर्शावर आयुष्यभर भिस्त ठेवली, त्याला तो इतरांच्या आधी जाणविल्यास आश्चर्य नाही.

त्याच्या सांगण्याकडे दुर्लक्ष केले, तर किंमतही प्रथम त्यालाच मोजावी लागते. भर चढावर क्रँक एक्सलवरून निसटला, तर मागच्या स्वाराचा पाय आधाराविना खाली जातो. समोरून काय येत आहे हे त्याला दिसत नाही. पडताना हात कोठे टेकावा हेही दिसत नाही. जोडसायकल अडखळली की पुढचाही तोल जातो. दोघे एकत्र पडतात.

तेव्हा अशा जोडीने निघण्यापूर्वी एक साधा करार करावा. मागच्याने 'थांब' म्हटले की पुढच्याने सुरक्षित जागा पाहून लगेच थांबावे, आणि कारण थांबल्यानंतर विचारावे. दुसरी गोष्ट अशी की, निघण्यापूर्वी क्रँक हलवून पाहण्याचे काम मागच्या स्वाराकडे सोपवावे. दोन क्रँक दोन हातांत धरून उलट दिशांना हलविणे, भोकाची कड बोटाने पाहणे, बोल्टावर पाना बसवून तो कितपत आवळला आहे याचा अंदाज घेणे, यांपैकी कशालाही डोळ्यांची गरज नाही. हे काम त्याला एकदा सावकाश दाखवावे, म्हणजे त्याचे हात प्रत्येक भागावर ठेवून त्या त्या भागाचे नाव सांगावे. पुढच्या रविवारी सायकल बाहेर काढली की पाना त्याच्या हातात द्यावा, आणि त्याने सारे ठीक असल्याचे सांगितल्यानंतरच निघावे.